अर्धा किलो

काट्यावर माणूस उभा राहिला की शेवटचा आकडा लगेच थांबत नाही. छाती वर गेली की दहा ग्रॅम इकडे, खाली आली की दहा ग्रॅम तिकडे. साधारण चार सेकंदांनी तो स्थिर होतो. काही मुली श्वास रोखून धरतात. त्याने वजन कमी होत नाही, पण हे त्यांना सांगून उपयोग नसतो. वैजू खोत श्वास रोखत नसे. ती समोरच्या भिंतीवरच्या आवर्तसारणीकडे बघत उभी राहिली, चार सेकंद गेले आणि आकडा थांबला. ५८.१४.

"एकशेचाळीस ग्रॅम जास्त," मी म्हणाले.

"परत बघा की, मॅडम."

मी तिला खाली उतरवलं, काटा शून्यावर आणला आणि परत चढवलं. ५८.१४.

ही सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. महिलांची राज्य वेटलिफ्टिंग स्पर्धा सांगलीजवळच्या एका शाळेत होती आणि वजनं घ्यायला शाळेची प्रयोगशाळा दिली होती. मी पुण्याच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत असे आणि सुट्टीच्या दिवसांत संघटनेची पंच म्हणून जात असे. वजनाच्या खोलीत दोन पंच लागतात आणि दोन्ही बायकाच लागतात. दुसऱ्या होत्या कुंभोजकर बाई. शाळेत खेळ शिकवायच्या, तरुणपणी गोळाफेकीत त्यांचं नाव होतं, आणि गप्प बसणं त्यांना ठाऊक नव्हतं.

"त्यात काय एवढं?" बाई म्हणाल्या. "टी-शर्ट काढ. एकशेचाळीस ग्रॅम म्हणजे एक टी-शर्ट. सगळ्या पोरी आतल्या कपड्यांवर देतात वजन, तूच एक नवरीसारखी नटून चढलीयास."

वैजूच्या अंगावर टी-शर्ट होता, त्याच्या आत आणखी काहीतरी घट्ट, आणि खाली गुडघ्यापर्यंतची जाड पँट.

"नको," ती म्हणाली. "पळून येतो."

पहिल्यांदा सांगलीकडे आले तेव्हा 'येतो', 'जातो' म्हणणाऱ्या मुली ऐकून मी चमकले होते. मग कळलं की तिकडे कुंभोजकर बाईही तसंच बोलतात. त्यात काही विशेष नव्हतं.

भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजून बारा मिनिटं झाली होती. वजनाची वेळ आठ ते नऊ. एकदा वजन बसलं की नोंद पक्की. जास्त भरलं तर नऊ वाजेपर्यंत कितीही वेळा चढता येतं. नवाच्या ठोक्याला ५८.०० किंवा कमी नसेल तर स्पर्धेतून बाद. पहिल्या दोघी राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होत्या आणि राष्ट्रीयच्या प्रमाणपत्रावर वैजूची खेळाडू कोट्यातली नोकरी अडली होती. अर्ज भरून झाला होता, एवढा एक कागद राहिला होता. हे मला तिच्या प्रशिक्षकांनी, नलवडे सरांनी, आदल्या दिवशी दोनदा सांगितलं होतं.

मी दार उघडलं. नलवडे सर दारालाच कान लावून होते.

"झालं?"

"एकशेचाळीस जास्त."

"अशक्य. सकाळी सहाला व्हरांड्यातल्या काट्यावर कपड्यांसकट साडेसत्तावन्नच्याही आत होती. म्हणून तर म्हटलं, कशाला उपाशी मरतीस. केळं दिलं. सरबत दिलं एक तांब्याभर."

मी डोळे मिटले. व्हरांड्यातला काटा खेळाडूंना आधी अंदाज घेता यावा म्हणून ठेवलेला. आदल्या संध्याकाळी मी दोन्ही काटे स्पर्धेच्या प्रमाणित चकत्या ठेवून तपासले होते. व्हरांड्यातला तीनशे ग्रॅम कमी दाखवत होता. संयोजकांना सांगितलं, ते म्हणाले, "बदलतो, मॅडम." ते बदलणार नाहीत हे माहीत असल्यामुळे मी काट्यावर ठळक अक्षरांत चिठ्ठी चिकटवली. आता जाऊन बघते तर चिठ्ठीवर पाण्याच्या बाटल्या देणाऱ्या पुरस्कर्त्याचं स्टिकर. सुरेख, मधोमध, एकही सुरकुती नसलेलं.

वैजू मैदानाला फेऱ्या मारत होती. तोंडात चिंच होती आणि हातात प्लास्टिकचा पेला. चिंचेने लाळ सुटते, ती थुंकायची, तेवढेच ग्रॅम. दुसऱ्या मुली अशा वेळी केस कापतात. वैजूचे केस आधीच न्हाव्याकडून मशीन फिरवून आणलेले होते.

"नखं काप," नलवडे सर ओरडले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काळजी नको. रडणारी पोर नाही ती. मी तर घरी म्हणतो, ही पोरगी न्हाई, पोरगं हाय माझं. नव्वद किलो खांद्यावर घेऊन हसतंय."

"पोरगंच हाय," मागून आवाज आला. "तेच तर आम्ही म्हणतोय."

हे मगदूम सर. त्यांची खेळाडू त्याच गटात या वर्षी तिसरी येईल असा अंदाज होता, म्हणजे वैजू बाद झाली की दुसरी. शिवाय ते स्पर्धेच्या तक्रार समितीवरही होते. दोन्ही पदं एका माणसाने घेऊ नयेत असं कुणालाही वाटलं नव्हतं.

"मॅडम, मी काय म्हणतो," ते अगदी सौजन्याने बोलू लागले. "माझा अर्ज टाइप करून तयार आहे. खेळाडूची तपासणी व्हावी म्हणून. पण मला कुणाचं वाईट करायचं नाही. चार वर्षं ही पोर कपड्यांसकट वजन देती. का? एकदा तुमच्यासमोर कपडे काढून उभी राहू दे, मी अर्ज फाडतो. तिचं वजनबी बसंल आणि माझं समाधानबी होईल."

"तुमचं समाधान हा वजनाच्या खोलीतला विषय नाही," मी म्हणाले.

"तोंड सांभाळून बोल, मगदूम," नलवडे सर म्हणाले.

"मी कुठं काय बोललो? तूच म्हणालास पोरगं हाय."

मी आत गेले आणि दार लावून घेतलं.

आठ वाजून बत्तीस मिनिटांनी ५८.०९. आठ वाजून चाळीस मिनिटांनी ५८.०८. तिच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. शरीरात काढण्यासारखं पाणी उरलं नव्हतं; आता अर्धा तास पळाली तरी तीस ग्रॅमच्या वर काही सुटणार नव्हतं, आणि अर्धा तास नव्हता.

"काढ की ते बाई," कुंभोजकर बाई आता वैतागल्या होत्या. "आम्ही काय खाणार आहोत तुला? माझ्या पाच मुली आहेत घरात."

"नको, बाई."

"नको काय नको? नोकरी जाती ना हातची. तुझी आई सूतगिरणीत उभी राहून पाय सुजवून घेती आणि तू इथं लाजतीयास."

वैजूने काट्यावरून उतरून परत बूट चढवले. ती बाकावर बसली आणि बुटाची नाडी सोडून परत बांधली. पळायला वेळ उरला नव्हता. काट्यावर चढायचं तर ते परत काढायचेच होते. म्हणजे तिचंही लक्ष ठिकाणावर नव्हतं.

मला एक सवय आहे, कागद टाकून न देण्याची. माझ्या पिशवीत मागच्या चार वर्षांच्या वजनयाद्यांची फाइल होती. काहीतरी करायला हवं म्हणून मी ती काढली. अठ्ठावन्न किलो गटातल्या मुलींची वजनं बघत गेले: ५७.९६, ५७.९१, ५७.९८. स्वाभाविक आहे. जेवढं वजन तेवढी ताकद, कुणी पन्नास ग्रॅमही वाया घालवत नाही. वैजू खोत: ५७.५२. पुढच्या वर्षी ५७.४८. मग ५७.५५. मग ५७.५०. दर वेळी गटाच्या मर्यादेपेक्षा अर्धा किलो खाली, तेही कपडे धरून. तिच्या अंगावरचे कपडे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास असतील. म्हणजे इतर मुलींपेक्षा जवळजवळ एक किलो कमी शरीर घेऊन ती बारखाली उभी राहत होती, तरी पहिल्या चौघींत येत होती.

"वैजू, हे तू मुद्दाम करतेस ना? कपडे काढायची वेळच येऊ नये म्हणून जागा सोडतेस."

तिने होकारार्थी मान हलवली.

"चार वर्षं?"

"व्हय."

आकडे जुळले की मला बरं वाटतं. मला वाटलं, प्रश्न कळला. या मुलीला कुणी बघितलेलं चालत नाही. कारण काही का असेना, ते विचारायचा मला अधिकार नाही. पण न बघता वजन घेणं ही तांत्रिक अडचण आहे, आणि तांत्रिक अडचण सुटते.

काट्याचा आकडा दाखवणारी पेटी वायरने जोडलेली होती, वायर दीड मीटर लांब. मी काटा रसायनांच्या कपाटामागे सरकवला, तिथे पाणसळ लावून काट्याचे पाय समतल केले, प्रमाणित चकती ठेवून परत तपासलं. मुलींच्या खोलीतून एक चादर मागवली आणि कपाटाच्या खिळ्यापासून फळ्याच्या स्टँडपर्यंत ताणून बांधली. पेटी चादरीच्या अलीकडे, टेबलावर. चादरीमागे एकटी वैजू, इकडे आम्ही दोघी, मधे वायर. नियमात खेळाडूने पंचांना दिसायलाच हवं असं कुठे लिहिलेलं नव्हतं. आकडा दोघींनी बघायला हवा एवढंच होतं. आठ वाजून एकावन्न मिनिटं झाली होती.

दार उघडून मी बाहेर उभ्या दोघांना हे सांगितलं. नलवडे सरांनी मला हात जोडले.

"असं कसं?" मगदूम सर म्हणाले. "पडद्यामागं काट्यावर कोण चढलं, कसं कळणार?"

"पडद्यामागे जाताना मी तिला बघणार, बाहेर येताना बघणार. मधल्या काळात तिथे दुसरा माणूस उगवत नाही."

"कपाट धरून लोंबकळली तर? हलकी भरंल."

"मग आकडा थांबणार नाही. आणि थांबला नाही तर मी लिहिणार नाही. आणखी काही?"

त्यांना आणखी बरंच काही होतं. मी दार लावलं.

वैजूने चादरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "एवढं कशाला केलं, मॅडम," असं काहीतरी पुटपुटली आणि मागे गेली. मला स्वतःचा अभिमान वाटत होता, हे कबूल करायला हवं. मी पेन उघडून बसले.

पेटीवर ०.००.

एक मिनिट गेलं. कपडे काढायला एवढा वेळ लागत नाही. पलीकडून कसलाच आवाज नव्हता, कापडाचाही नाही.

"वैजू, चढ की," बाई म्हणाल्या.

०.००.

"आम्ही तिकडं बघत न्हाई. हे बघ, मॅडम घड्याळ बघत्यात, मी खिडकीतनं बाहेर बघतोय. कुत्रं झोपलंय एक."

आठ वाजून चोपन्न. सकाळपासूनचं सगळं माझ्या डोक्यात एकदम चढलं, ते स्टिकर, ते सरबत, मगदूमांचं सौजन्य. आणि आता दार उघडून दिलंय तर हिला आत पाऊल टाकायचं नाही. मी आयुष्यात विद्यार्थ्यांवर फार कमी वेळा आवाज चढवला आहे.

"वैजू, आता आणखी काय करायला हवंय मी तुझ्यासाठी? कोणी बघत नाही. कोणाला दिसत नाही. फक्त चार सेकंद उभं राहायचंय."

 चादरीमागून आवाज आला, अगदी सावकाश.

"मॅडम, तुम्ही चांगलं केलंय. पण कोण बघंल म्हणून न्हाई ते."

"मग?"

"कपड्यात उभा राहिलो की नुसतं वजन असतं. लोखंडाच्या चकतीसारखं. तुम्ही लिहिता, मी निघून येतो. यादीत नाव बायकांच्या असलं तरी मी काट्यावर बाई म्हणून उभा राहिलो न्हाई, असं माझं मी ठरवलं होतं. त्यासाठी अर्धा किलो देत होतो. परवडत होता तवर दिला."

कुंभोजकर बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं.

"म्हणजे काय गं?" बाई म्हणाल्या. "मगदूम म्हणतोय ते खरं की काय?"

"त्यांचा अर्ज खोटा आहे, बाई. कुठल्याबी दवाखान्यात न्या. शरीर तुमच्यासारखंच आहे. कुणाला फसवून पदक घेतलं न्हाई मी."

"मग झालं तर. अगं वेडे, आपण सगळ्याच तशा." बाईंचा आवाज एकदम सैल पडला. त्यांना वाटलं त्यांनाही प्रश्न कळला. "हे दंड घेऊन कुठली बाई गोडगोजिरी दिसती? मी गोळा फेकायला उभी राहिले की पोरं बाबूराव म्हणून हाका मारायची. लग्न ठरेना चार वर्षं. मिशी तर अजून आहे. म्हणून काय मी बाई न्हाई?"

"राग यायचा तुम्हाला, बाबूराव म्हटल्यावर?"

"यायचा म्हणजे? एकाच्या अंगावर गोळा घेऊन धावले होते."

"मला येत न्हाई," वैजू म्हणाली. "तेच सांगतोय. मगदूम सर मागनं बोलतात ते कानावर पडलं की मला बरं वाटतं. चांगल्या मनानं बोलत न्हाईत, माहीत आहे. तरी बरं वाटतं. आणि मग त्या बरं वाटण्याचाच राग येतो."

बाई गप्प झाल्या. त्यांना गप्प झालेलं मी पहिल्यांदा बघत होते.

मी मला जे येतं ते केलं. घड्याळ बघितलं. "वैजू, पाच मिनिटं आहेत. तू म्हणतेस ते मला कळलं असं मी म्हणत नाही, पण ऐकलं. ते उद्याही खरंच राहील. आजचा दिवस काढ. वजन दे, उचल, राष्ट्रीयला जा, नोकरीचा कागद हातात घे. मग काय सांगायचं ते सांग."

पलीकडे बारीक हसल्यासारखं झालं.

"दोन वर्षं मी मला हेच सांगतोय, मॅडम. जिल्हा झाला की सांगू. राज्य झालं की सांगू. नोकरी लागली की सांगू. आणि बायकांच्या प्रमाणपत्रावर नोकरी लागली की मग कधी सांगू?"

मी पेनाचं टोपण लावलं.

चादर बाजूला झाली. वैजू मागे गेली होती तशीच बाहेर आली, टी-शर्ट, जाड पँट, अनवाणी. बुटांचा जोड हातात. तोंड धुतल्यासारखं शांत. मला वाटलं होतं रडून आलेला चेहरा दिसेल.

"मग मी असं करते," मी खालच्या आवाजात म्हणाले. "शेवटचं वजन ५८.०८ आहे. 'वजन जास्त' एवढंच लिहिते. दर स्पर्धेत दोघी-तिघी अशा बाद होतात. कोणी कारण विचारणार नाही. तुला विचार करायला वेळ मिळेल."

वैजूने यादीवर बोट ठेवलं, स्वतःच्या नावापुढच्या रिकाम्या चौकटीवर. जरा वेळ तसंच ठेवलं.

"तसं लिहिलं तर सर म्हणतील, पुढच्या वर्षी. परत वर्षभर माझ्यासाठी पहाटे पाचला उठतील. स्वतःच्या पैशानं अंडी आणतील." मग विचारलं, "दुसरं काय लिहिता येतं?"

"माघार. खेळाडूने स्वतः सांगितली तर. पण ती खेळाडूला प्रशिक्षकासमोर सांगावी लागते."

"मग बोलवा की."

"वैजू, बाहेर मगदूम आहेत," कुंभोजकर बाई म्हणाल्या. त्यांनी कधी तरी खुर्ची सोडली होती आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या होत्या, जणू कोणी आत घुसणार आहे. "तो ढोल वाजवत फिरंल गावभर. नलवड्यांना आत घेऊया, त्यांना एकट्यांना सांग. हळू सांग. माणसाला बसायला तरी दे आधी."

"एकट्यांना सांगितलं तर ते बाहेर जाऊन वजन जास्त झालं म्हणून सांगतील, बाई. माझ्या भल्यासाठी."

 बाई दारापासून बाजूला झाल्या. जाता जाता त्यांनी वैजूच्या टी-शर्टची दुमडलेली बाही सरळ केली.

मी कडी काढली. दोघं बाहेर होते. नलवडे सरांच्या हातात घड्याळ, मगदूम सरांच्या हातात तो टाइप केलेला कागद. आठ वाजून सत्तावन्न मिनिटं झाली होती.

"बसलं ना वजन?" नलवडे सर पुढे आले. त्यांनी वैजूच्या खांद्यावर हात ठेवला. "बसलं असणारच. चल, आधी पाणी पी, ओठ बघ कसे झालेत. स्नॅचची पहिली उचल सत्तर किलोवर ठेवू, घाई नको..."

"सर," वैजू म्हणाली.

"काय?"

"वजनाचं सोडा. मी माघार घेतो." आवाज मोठा नव्हता, पण मैदानाच्या कडेला उभ्या मुलींनाही ऐकू गेला असावा, त्या वळल्या. "आजची नाही. कायमची. बायकांच्या गटात मी परत उतरणार नाही. मी बाईमाणूस नाही, सर."